अळीची साखळी आणि माणसाची साखळी



आमचा जन्म कामगारांच्या सभांत गेला; रसायनशास्त्र आम्ही वाचनालयात बसून शिकलो. तेव्हा धावड्याच्या श्रोत्यांपुढे ओळखीच्या वस्तूपासूनच सुरुवात करू.

आपल्या जालन्यात २०१८ साली रेशीमकोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्या कोषाचा धागा म्हणजे पॉलिपेप्टाइड, अर्थात अमिनो आम्लांचे मणी ओवलेली साखळी. ग्लायसीन, अ‍ॅलनीन, सेरीन हे मणी ठरावीक क्रमाने येतात, म्हणून साखळ्या शेजारीशेजारी आपोआप बसतात. त्यांना धरणारा एकेक बंध दुबळा. पण असंख्य बंध मिळून धागा तुटू देत नाहीत. संघटनेच्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही!

अशी साखळी माणसाला करता येते काय? येते. तिचा कच्चा माल जर्मनीच्या हेर्मान लॉइक्स यांनी १९०६ सालीच बनवला. चार अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी, ग्लॅटिरामर, ही मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगावरील औषध म्हणून १९९६ साली अमेरिकेत मंजूर झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सायम सेनगुप्ता व सहकाऱ्यांनी साखरेचे रेणू जडवलेल्या साखळ्या केल्या. २०१२ साली त्यांनी दाखवले की, जोडणी बदलली की त्या स्वतःच कधी दांडीचा, कधी गोलकाचा आकार घेतात. अशा गोलकांतून औषध पेशीपर्यंत नेता यावे, ही त्यामागची आशा. मात्र लांब साखळीत मण्यांचा क्रम अळीइतका बिनचूक राखणे अजून अवघडच आहे.

ही प्रयोगशाळा १९५० साली जनतेच्या पैशातून उभी राहिली. तेव्हा तिथल्या ज्ञानाचे औषध झाले, तर ते खेड्यातल्या दवाखान्यात परवडेल अशा भावात पोचले पाहिजे. ही मागणी आपण करायची. आणि मागणी करायची तर विषय आधी समजून घ्यायला हवा.