किनाऱ्याचं पाणी आणि त्यातला प्राणवायू

किनाऱ्यालगतच्या समुद्राचं पाणी गेल्या काही दशकांत बिघडलं का, आणि बिघडलं असेल तर त्याला माणूस जबाबदार की हवामान, या विषयावर बोलावं असं आकाशवाणीनं सुचवलं. हा प्रश्न नेहमी असाच विचारला जातो, आणि उत्तर देणारेही लगेच एक बाजू धरतात. कुणी म्हणतं सगळं सांडपाण्यामुळे, कुणी म्हणतं सगळं तापमानवाढीमुळे, आणि तिसरा म्हणतो की समुद्र पहिल्यापासून असाच आहे, उगाच घाबरवू नका. या तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर निसर्गानंच पाण्यातला प्राणवायू बेताचा ठेवला आहे. म्हणून इथे माणसानं घातलेली थोडी भरही जास्त भोवते. निसर्गाचा वाटा मोठा आहे हे खरं, पण त्यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. हे कसं, ते समजावून देण्याचा प्रयत्न करतो.

आधी एक गैरसमज दूर करू. पाणी गढूळ म्हणजे घाण आणि नितळ म्हणजे स्वच्छ, असं आपण धरून चालतो. जुहूचं पाणी मातकट, मालवणचं निळंहिरवं, म्हणून जुहूचं वाईट. निष्कर्ष कदाचित बरोबर निघेल, पण कारण चुकीचं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार मीटरपेक्षाही जास्त चढतं-उतरतं, आणि त्या ये-जा करणाऱ्या पाण्याबरोबर तळाचा बारीक गाळ सतत ढवळून निघतो. हा गाळ सांडपाण्याची नळी टाकण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. उलट एखाद्या खाडीचं पाणी दिसायला ठीक असूनही त्यात मासा जगू शकत नाही, असं होऊ शकतं. पाण्याची खरी प्रकृती डोळ्यांना दिसत नाही. ती कळते पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरून. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्राच्या एक लिटर पाण्यात, पाणी अगदी चांगलं असलं तरी, जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. तो दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे ती जागा सोडतात, आणि ज्यांना पळता येत नाही ते मरतात. साडेसहा आणि दोन, हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचं सगळं बोलणं या दोन आकड्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

खाडीत ही जागा कोण खातं, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही. लोकल माहीम सोडून वांद्र्याकडे निघाली की मिठी नदीच्या मुखावरून जाते, आणि ओहोटी असेल तर डब्यातल्या प्रत्येकाला ते कळतं. शहराचं मैलापाणी, कत्तलखान्यांचं आणि कारखान्यांचं पाणी खाडीत आलं की त्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खातात. हे खाताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. तो संपला की वेगळ्या जातीचे जिवाणू पुढे येतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा तो वास याचा. भरतीला वास कमी होतो कारण बाहेरचं पाणी आत येतं आणि गाळ झाकला जातो. इथे हवामानाला दोष द्यायला जागाच नाही. खाडीतलं हे बिघडणं जवळजवळ सगळं आपलं आहे. कुणी म्हणेल, मग ठाण्याच्या खाडीत हजारो फ्लेमिंगो कसे येतात? ती खाडी तर २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. पक्षी येतात म्हणजे पाणी चांगलं असणार. पण फ्लेमिंगो खातात ते सूक्ष्म शैवाल, आणि शैवाल वाढायला लागतो नायट्रोजन आणि फॉस्फरस. सांडपाण्यात हे दोन्ही भरपूर असतात. ही गर्दी वाढण्यामागे सांडपाण्यावर पोसलेलं शैवाल हे एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तो गुलाबी थवा पाणी स्वच्छ असल्याचा दाखला नाही. पाण्यात खत जास्त झाल्याचा तो दाखला असू शकतो. पक्ष्यांचं स्वागत जरूर करा, पण त्यांच्या पायाखालच्या पाण्याला त्यावरून उत्तीर्ण करू नका.

आता खाडीतून बाहेर, उघड्या समुद्रावर या. मला खरं सांगायचं आहे ते इथलं. अरबी समुद्र उत्तरेकडून जमिनीनं बंद आहे. त्यामुळे त्याच्या मधल्या थरांना, साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालपर्यंत, ताजं पाणी फार सावकाश मिळतं. वरून मेलेलं शैवाल आणि जीव पडत राहतात, ते कुजताना प्राणवायू वापरला जातो आणि तो भरून काढणारं पाणी वेळेवर येत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायूहीन थरांपैकी एक असा आपल्या दाराशी आहे, आणि तो माणसानं केलेला नाही. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ओढलं जातं आणि खालचं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढून येतं. त्याच वेळी सह्याद्रीवर धो धो पाऊस पडतो. नद्यांचं गोडं पाणी समुद्रात येतं आणि हलकं असल्यामुळे दुधावर साय धरावी तसं वरच्या वर पसरतं. पुन्हा सांगतो, कारण हे नीट समजलं की बाकी सोपं आहे: वर गोड्या पाण्याचा हलका थर, खाली गार, जड, आधीच दमलेलं पाणी, आणि मधून हवा जायला वाट नाही. वरच्या थरात खालून आलेल्या पोषकद्रव्यांवर शैवाल मातं, ते मरून खाली पडतं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोर वीस-पंचवीस मीटर खोलीवर तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्य होतो, काही वर्षी तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. मग तळाचे मासे जाळ्यात कमी येतात. डिसेंबरकडे प्रवाह फिरतात आणि पाणी पुन्हा श्वास घेऊ लागतं.

हे आपल्याला कळलं कसं? १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या, आणि तिच्यातूनच १९६६ साली जन्मलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नोंदींवरून. दोनापावलाला मुख्यालय असलेल्या या संस्थेनं कांदोळीसमोरच्या एका ठिकाणी वर्षानुवर्षं पाणी मोजलं. २००० साली शास्त्रज्ञ सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की पश्चिम किनाऱ्यावरची ही ऋतूनुसार होणारी घुसमट जुन्या नोंदींपेक्षा तीव्र झालेली दिसते, आणि जमिनीवरून येणारा वाढीव नायट्रोजन हे त्याचं संभाव्य कारण आहे. या पट्ट्याचा विस्तार त्यांनी सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर सांगितला. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा. आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की जुन्या मोजण्यांवर भरवसा कसा ठेवायचा. याचं उत्तर मला फार आवडतं. प्राणवायू मोजण्याची पद्धत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनतज्ज्ञानं १८८८ साली दिली आणि ती आजही प्रमाण मानली जाते. पाण्याची बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेली अल्कली घालायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घालायचं, मोकळं झालेलं आयोडीन थायोसल्फेटनं मोजायचं, आणि शेवटी स्टार्चची निळाई नाहीशी होते त्या थेंबाला थांबायचं. प्राणवायू अगदी नगण्य असेल तेव्हा ही पद्धत जरा जास्त आकडा दाखवते, हे खरं, आणि त्याची दखल घ्यावीच लागते. पण १९६५ची बाटली आणि आजची बाटली यांची भाषा एकच आहे. म्हणून दोघींची तुलना करता येते.

मात्र दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दरवर्षी घुसमट सारखी नसते. एखाद्या वर्षी ती जाणवतही नाही. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातला एक झोका जगापुढे मांडला. पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेकडचं, इंडोनेशियाजवळचं, गार, असा त्याचा एक टप्पा असतो. या झोक्याला द्विध्रुव म्हणतात. या टप्प्याच्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर खालचं पाणी पुरेसं वर चढत नाही आणि तळाचं पाणी प्राणवायूहीन होण्यापासून वाचतं, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं. १९९७ हे असं वर्ष होतं, २०१९ही जोरदार द्विध्रुवाचं होतं. आता समजा कुणी १९९७ साली मोजायला सुरुवात केली आणि पाच वर्षांनी थांबलं. आलेख खाली जाताना दिसेल आणि तो म्हणेल, समुद्र मरतो आहे. दुसऱ्यानं उलट काळ निवडला तर तो म्हणेल, सगळं सुधारतं आहे. दोघांची मोजणी प्रामाणिक आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा. म्हणून इथे मी थोडं रागावणार आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन बाटलीभर पाणी भरायचं, त्याची बातमी करायची आणि पुढच्या वर्षापर्यंत समुद्र विसरायचा, ही सवय आपल्याला सोडावी लागेल. अनुदान आहे तोवर मोजायचं आणि अनुदान संपलं की वही बंद करायची, ही दुसरी सवय. एका दिवसाचं पाणी त्या दिवसापुरतं बोलतं. हवामानाचा झोका आणि माणसाची भर वेगळी काढायची असेल तर वीस-तीस वर्षांची, खंड न पडलेली नोंद लागते.

तापमानवाढीबद्दल थोडक्यात सांगतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि गरम पृष्ठभाग खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही. साऱ्या जगाच्या महासागरांनी १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजदादीत आढळलं. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण जिथे पाणी आधीच काठावर आहे तिथे ते किरकोळ नसतात. प्राणवायूच्या घटीशी जोडलेला एक वाद इथे सांगतो. हिवाळ्यात रात्री निळसर चमकणाऱ्या लाटांच्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्यूका नावाच्या एकपेशीय जीवाची असते. उत्तर अरबी समुद्रात त्याची हिरवी जात २००० नंतर मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञांनी तिचा संबंध प्राणवायू कमी होण्याशी जोडला. इतर काही भारतीय शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, तिथलं पाणी प्राणवायूनं पुरेसं भरलेलं होतं असं ते म्हणतात. हा वाद चालू आहे आणि तो पुन्हा मोजणीनंच सुटेल.

शेवटचा आक्षेप असा: वारे आपल्या हातात नाहीत, मग खाडी साफ करून काय होणार, समुद्र एवढा मोठा आहे. याला पुरावा काळ्या समुद्राचा देतो. १९७० आणि ८०च्या दशकांत डॅन्यूब नदीतून येणाऱ्या खतांमुळे त्याच्या वायव्येकडच्या उथळ भागात दर उन्हाळ्यात तळाचे जीव गुदमरत. सोव्हिएत व्यवस्था कोसळली, शेतकऱ्यांना खतं परवडेनाशी झाली आणि १९९०च्या दशकात तो मृत पट्टा मागे हटला. कुणी ठरवून केलेलं नव्हतं, पण नायट्रोजनची भर कमी केली की मोठा समुद्रही प्रतिसाद देतो, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे वरळी आणि वांद्र्याहून सांडपाणी तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडतात. त्यानं किनाऱ्यावरचा त्रास कमी होतो, नायट्रोजन मात्र समुद्रातच राहतो. आता मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा अशा सात ठिकाणी नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, एकूण क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर. तिथे नुसता मैला बसवून थांबू नये, नायट्रोजनही काढावा, आणि निघणाऱ्या पाण्यातला नायट्रोजनचा आकडा लोकांना रोज पाहता यावा, एवढं आपण मागू शकतो.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. प्लास्टिक आणि पाण्याची वाढती आम्लता यांवर बोलायचं राहिलं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठणार नाही. डहाणूपासून मालवणपर्यंत किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांत प्राणवायू मोजायची ही विंक्लरची पद्धत विद्यार्थी प्रात्यक्षिकात करतात, आणि परीक्षा झाली की तो आकडा रद्दीत जातो. हे प्रात्यक्षिक दर महिन्याला जवळच्या खाडीच्या पाण्यावर करा. जागा एकच ठेवा, पृष्ठभागाचं पाणी घ्या तसंच तळाचंही घ्या, पावसाळ्यात जेट्टीवरून जमेल तेवढं घ्या पण महिना चुकवू नका. वहीत तारखेसोबत भरतीची वेळ लिहा आणि तापमान लिहा, कारण त्याशिवाय पुढच्या माणसाला तुमचा आकडा दुसऱ्या कुठल्याच आकड्याशेजारी ठेवता येणार नाही.