दीड तास, फोन बाजूला



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय मीच मागून घेतला आहे. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, माझं घर त्यावरच चालतं. अशा बाईने फोन बाजूला ठेवा म्हणावं याचं तुम्हाला हसू येईल. पण आतल्या माणसाला जे दिसतं ते सांगावंसं वाटलं.

फोन सुटत नाही हा आपल्या मनाचा दुबळेपणा, असं आपण समजतो. मुलांनाही तसंच ओरडतो. खरं तर हात पुन्हा पुन्हा तिकडे जावा, अशीच बऱ्याच ॲपची रचना असते. पूर्वी वेबसाइटचं पान संपायचं, पुढचं हवं तर बटण दाबावं लागायचं. तेवढ्यात माणूस घड्याळाकडे बघायचा आणि उठायचा. २००६ मध्ये आझा रास्किन यांनी पान संपूच न देण्याची युक्ती काढली. तो थांबाच गेला. पुढे त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. लाल ठिपका कुठे दिसावा, कधी दिसावा, यावर माझ्यासारख्या इंजिनिअरांच्या टीम बसलेल्या असतात. त्यांच्यापुढे एकट्याचा निर्धार किती पुरणार?

म्हणून हे एकट्याने करायचं कामच नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. त्या वेळात अभ्यास, वाचन, गप्पा. साडेआठला पुन्हा भोंगा. यातली खरी हुशारी म्हणजे भोंगा सगळ्यांसाठी एकदम वाजतो. एकट्यानेच फोन ठेवला तर तो बिचारा इतरांची खाली वाकलेली डोकी बघत बसतो.

आपल्या ग्रुपचे उपकार मी विसरत नाही. कोण पुण्यात, कोण दुबईत, कोण गावातच; सगळ्यांना त्यानेच शोधून काढलं. पण काल रात्री जेवणानंतर आम्ही सात-आठ मैत्रिणी शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. बोलता बोलता एकीने सांगितलं, तिची आई आता तिला ओळखत नाही. दोन वर्षं झाली. ही मात्र रोज सकाळी न चुकता ग्रुपवर ‘सुप्रभात’ टाकते! मी म्हटलं, “अगं, कधी बोलली नाहीस?” ती म्हणाली, “तिथे कुठे लिहू? वर कुणाचा तरी वाढदिवस, खाली विनोद.” तिला विचारूनच हे इथे सांगते आहे.

आपल्या गणिताच्या सरांना आता कमी ऐकू येतं. फोनवर त्यांच्याशी बोलणं होत नाही. आज सकाळी शेजारी बसून कानाशी बोललं, तर त्यांनी आपल्या तुकडीची हजेरी पहिल्या पंधरा नावांपर्यंत क्रमाने म्हणून दाखवली. ही नावं कुठल्या मेसेजमधून आली असती?

तर माझी विनंती अशी. चार ते साडेपाच या दीड तासात कार्यक्रमपत्रिकेत काहीच ठेवलेलं नाही. दाराशी टोपली आहे, तिच्यात फोन ठेवा. संयोजकांचा एक फोन चालू राहील, तो नंबर आत्ताच घरी कळवून टाका. फोटोंची काळजी नको, फोटोग्राफर आहे. आणि ज्याच्याशी गेल्या काही वर्षांत नुसते अंगठेच दाखवणं झालं असेल, त्याच्या शेजारी जाऊन बसा. गुरुजनांपैकी कुणी एकटे बसलेले दिसले तर आधी तिकडे जा.

साडेपाचला शिपाईमामा घंटा देतील. मग ज्याने त्याने आपापला फोन ओळखून घ्यावा.