आधी पाणी, मग वीज



गच्चीवर आधी काय बसवावे, असे अनेक पालक विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : आधी पाणी तापवणारा सौर बंब. हिशेब विद्यार्थ्यांनीच करून पाहावा. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४ युनिट वीज लागते. १ किलोवॉटची सौर पॅनेले दिवसभरात साधारण तेवढीच वीज देतात. म्हणजे ती सारी न्हाणीघरातच जायची!

बंबात मात्र ऊन थेट पाण्याला मिळते. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते, पंपही नको. टाकीला जाड आवरण असल्याने ते पहाटेपर्यंत गरम राहते. पुस्तक मिटून चुलीत लाकडे सारणाऱ्या मुली आपल्या मोहल्ल्यांत अजून आहेत. परीक्षेच्या दिवसांत तो एक तास थोडा नव्हे.

तोंड दक्षिणेकडे हवे. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल तर नळ्यांत क्षार बसतो, हे आधीच विचारून घ्या. विजेसाठी २०२४ साली केंद्राने सूर्यघर योजना काढली. तीत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. अर्जापूर्वी वर्षभराची वीजबिले काढून बसा, म्हणजे किती किलोवॉट लागतील ते कळेल.