तापीच्या मुखाशी उतरणारा गॅस

(शनवारा, बुऱ्हाणपूर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय फलकावर वाचल्यावर ‘जगाच्या गॅस उद्योगाशी शनवाऱ्याचं काय देणंघेणं?’ असं काहींच्या मनात आलं असणार. म्हणून आधी नकाशापासून सुरुवात करू. आपलं निमाड दोन नद्यांचं. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला आपली तापी. दोघीही पश्चिमेला वाहतात आणि गुजरातेत खंबातच्या आखाताकडे जातात. नर्मदेच्या मुखाजवळ दहेज आहे, तापीच्या मुखाशी हजिरा. देशात जहाजानं येणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा या दोनच ठिकाणी उतरतो. २०२४ साली दहेजची क्षमता वर्षाला पावणेदोन कोटी टन होती, हजिऱ्याची सुमारे पन्नास लाख टन. समुद्रातल्या वसई क्षेत्राचा गॅससुद्धा नळानं हजिऱ्यालाच येतो. तिथून ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीनं १९८०च्या दशकात टाकलेली वाहिनी झाबुआवरून गुना जिल्ह्यातल्या विजयपूरला आणि पुढे उत्तर प्रदेशात जगदीशपूरला गेली. म्हणजे पाणी आपल्याकडून तिकडे जातं, आणि गॅस तिकडून निघून आपल्याला वळसा घालून पुढे जातो.

वळसा घालून जातो हेही अर्धंच खरं. तो आपल्याकडे येतो, पण नळातून येत नाही. पोत्यातून येतो.

आपल्याकडच्या केळीच्या बागांत युरिया किती लागतो ते मी तुम्हाला सांगायला नको. हा युरिया होतो कशाचा? नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात, हवेतल्या नायट्रोजनशी त्याची सांगड घालून अमोनिया करतात, आणि त्यापासून युरिया. विजयपूरचा खत कारखाना, हजिऱ्याचा ‘कृभको’, अलिबागजवळचा थळचा कारखाना, सगळ्यांचा कच्चा माल गॅसच. चांगल्या कारखान्यात एक टन युरियाला साडेपाच गिगाकॅलरीच्या आसपास ऊर्जा खर्च होते. पंचेचाळीस किलोच्या पोत्याला हिशेब लावला तर साधारण एक एमएमबीटीयू येते. गॅसचा जागतिक बाजार नेमका याच मापावर चालतो. वर्तमानपत्रात ‘गॅस दहा डॉलर’ असं वाचाल तेव्हा तो एका एमएमबीटीयूचा भाव असतो. आज आपण त्याला सरळ ‘पोतंभर गॅस’ म्हणू.

आता या पोत्यानं जग मोजून पाहा. २०२०च्या उन्हाळ्यात करोनामुळे सगळं ठप्प होतं, तेव्हा आशियाच्या हजर बाजारात पोतंभर गॅस दोन डॉलरच्याही खाली गेला होता. म्हणजे दीडशे रुपये. दोन वर्षांनी, २०२२च्या ऑगस्टमध्ये, रशियानं युरोपचा गॅस आवळल्यावर तोच भाव सत्तर डॉलरच्या घरात गेला. साडेपाच हजार रुपये! सगळा गॅस त्या भावानं घ्यावा लागला असता तर एका पोत्यातल्या नुसत्या गॅसची ती किंमत झाली असती. शेतकऱ्यानं मात्र पोत्याला २६६ रुपये ५० पैसेच मोजले, कारण फरक सरकारी तिजोरीनं सोसला. तिजोरी कुणाची, हे इथं बसलेल्या कर भरणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे.

मला आज एवढीच एक गोष्ट मांडायची आहे. गॅसच्या धंद्याबद्दल बोलताना लोक साठे किती, जहाजं किती, नळ किती हे विचारतात. खरा प्रश्न निराळा आहे. भाव उसळला किंवा कोसळला तर तो धक्का कोणाच्या अंगावर येतो? ते करारात लिहिलेलं असतं, आणि करार वाचायचा कंटाळा सर्वांनाच असतो.

तेलाची गोष्ट वेगळी. तेल पिंपात भरून कुठंही ठेवता येतं. गॅस हट्टी आहे. त्याला जहाजात बसवायचं तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावं लागतं, तेव्हा तो आकारमानानं सहाशेपटींनी आकसतो. बंदरात उतरवताना जहाजाच्या तोंडाशी लावलेले भलेमोठे धातूचे बाहू बर्फानं पांढरे पडतात. प्रवासभर टाकीतला थोडा थोडा द्रव उकळून वाफ होत राहतो, आणि आधुनिक जहाजं तीच वाफ इंजिनात जाळतात. एवढा थाटमाट उभा करायला हजारो कोटी लागतात. ते घालणारा म्हणतो, वीस वर्षं घेण्याची हमी द्या, नाहीतर मी खड्डाही खणणार नाही. म्हणून ‘घ्या, नाहीतर न घेता पैसे भरा’ हे कलम या धंद्याचा कणा आहे.

या कलमाचा धडा आपण मराठी माणसांनी फार महाग विकत घेतला. तुम्ही ओळखलंच असेल, दाभोळ. त्यातही आपली तापी आहेच: पश्चिम किनाऱ्यासमोरच्या समुद्रात पन्ना, मुक्ता आणि ताप्ती नावाची तेल-वायूची क्षेत्रं आहेत. १९९४ साली त्यांचा करार ओएनजीसी, रिलायन्स आणि अमेरिकेची एन्रॉन या तिघांनी मिळून केला. आपल्या नदीच्या नावाच्या विहिरी एन्रॉनच्या वहीत होत्या! याच एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीनं १९९३च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार केला होता. प्रकल्प गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचे. तेही डॉलरशी बांधलेले. इंधनाचा भाव वाढला तर तोही मंडळाच्या माथी. १९९५ला सरकार बदललं, करार रद्द झाला, आणि वर्ष उलटण्याआधी वाटाघाटी होऊन प्रकल्प पुन्हा उभा राहिला, आधीपेक्षा मोठा. विरोध करणारे गावकरी लाठ्या खात होते आणि मुंबईत कागदावर सह्या होत होत्या.

गॅस यायच्या आधी पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला, १९९९च्या मे महिन्यात. नाफ्था महागला, रुपया घसरला, मंडळ वीज कमी उचलू लागलं. कमी उचलली की स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला जातो. साध्या भागाकाराचा हा प्रताप, की काही महिन्यांत युनिटचा भाव सात रुपयांच्या पुढे गेला. २००१च्या मे महिन्यात मंडळानं वीज घेणं थांबवलं. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीनं व्यवहाराची चिरफाड केली, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ला एनटीपीसी आणि गेलनं मिळून ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ उभी केली. त्यांना कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस मिळणार होता. त्या क्षेत्राचं उत्पादन २०१० नंतर असं घसरलं, की २०१३ला प्रकल्प पुन्हा थंड. शेजारचं गॅस उतरवण्याचं टर्मिनल २०१३च्या जानेवारीत सुरू झालं, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यानं कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथं जहाज लागत नसे. कोकणात पावसाळा येतो हे नियोजनकर्त्यांना माहीत नसावं, असं कोणी म्हणू नये. माहीत होतं. पैसे दुसऱ्याचे होते.

याच्या उलट उदाहरणही आहे, नाहीतर मी गॅसचा वैरी आहे असा समज होईल. कतारकडून वर्षाला पंचाहत्तर लाख टन गॅस घेण्याचा, दहेजचं टर्मिनल चालवणाऱ्या पेट्रोनेटचा करार १९९९चा. पहिलं जहाज २००४च्या जानेवारीत दहेजला लागलं. २०१४-१५मध्ये जगात भाव कोसळले, आणि करारातला भाव बारा-तेरा डॉलरवरच अडकला. पेट्रोनेटनं माल कमी उचलला. कलमाप्रमाणे दंड बसत होता, सुमारे बारा हजार कोटींचा. पण तेव्हा बाजार घेणाऱ्याच्या बाजूला होता. कतारनं दंड सोडला, भाव जवळजवळ निम्म्यावर आणला, आणि न उचललेला माल पुढे उचलायचं ठरलं. २०२४च्या ६ फेब्रुवारीला गोव्यात बेतुल इथं तोच करार २०४८पर्यंत वाढवला गेला. वेळ साधली की कलमही वाकतं. वेळ साधायला मात्र दुसऱ्या बाजूला आपली गरज असावी लागते.

ती नसली की काय होतं ते २०२२नं दाखवलं. गेलचा रशियाच्या गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वीस वर्षांचा करार होता, वर्षाला पंचवीस लाख टनांचा. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर या सिंगापूरच्या कंपनीची जर्मनीतली पालक कंपनी जर्मन सरकारनं ताब्यात घेतली आणि आपल्या वाट्याची जहाजं यायची थांबली. प्रकरण लवादात गेलं आणि २०२५च्या जानेवारीत २८.५ कोटी डॉलरवर मिटलं. मधल्या काळात पाकिस्ताननं निविदा काढल्या तर एकही विक्रेता फिरकला नाही, आणि बांगलादेशानं हजर बाजारातली खरेदीच थांबवली. जहाजं युरोपकडे गेली, कारण युरोप जास्त देत होता. अंधार झाला लाहोर-ढाक्यात. विक्रेत्याला करार मोडण्याचा दंड परवडतो तेव्हा श्रीमंत गिऱ्हाईक जिंकतं.

आज चित्र पुन्हा पालटतंय. अमेरिका २०२३पासून द्रव गॅसची सर्वांत मोठी निर्यातदार आहे. कतार आपली क्षमता सात कोटी सत्तर लाख टनांवरून चौदा कोटींच्या वर नेणार आहे. माल भरपूर येणार, भाव उतरणार, असं व्यापारी सांगतात. मी त्यावर घर बांधणार नाही. जगातल्या द्रव गॅसचा जवळजवळ पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. आपल्या लाल सिलिंडरातला बराचसा आयात गॅसही तिथूनच. तो वेगळा गॅस बरं का, प्रोपेन-ब्युटेनचा, हवेहून जड. नळातला मिथेन हवेहून हलका. आपल्या बुऱ्हाणपुरी मावा जलेबीच्या कढईखाली आज जळतो तो सिलिंडरातला.

गॅस ‘स्वच्छ इंधन’ आहे, हेही तपासून घ्या. कोळशापेक्षा धूर कमी, राख नाही, हे खरं. पण मिथेन न जळता गळला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट ऊब धरतो. विहिरीपासून शेगडीपर्यंत किती गळतं यावर त्याची स्वच्छता ठरते. आणि विजेपुरतं बोलायचं तर गॅसचं दुकान आपल्याकडे चालत नाही. देशात २०२४ साली सुमारे पंचवीस हजार मेगावॉटची गॅस केंद्रं होती, बहुतेक वर्षभर झोपलेली. एका बाजूला खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजीचा कोळसा, दुसऱ्या बाजूला ओंकारेश्वरच्या पाण्यावर तरंगणाऱ्या सौरपट्ट्या. या दोघांच्या भावात महाग गॅस बसत नाही. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा २०३०पर्यंत पंधरा टक्के करायचं उद्दिष्ट आहे. आज तो सहा-साडेसहा टक्के आहे, आणि वापरातला निम्मा गॅस परदेशातून येतो. उद्दिष्ट गाठलं जाईल असं मला वाटत नाही.

मग गॅस कुठं कामाचा? खतात, आणि जिथं एकसारखी, आवरती आच लागते तिथं. म्हणजे आपल्या यंत्रमाग धंद्यातल्या साईझिंग आणि प्रोसेसिंगवाल्यांच्या बॉयलरमध्ये, आणि स्वयंपाकघरात. शहरी गॅसवाटपाची क्षेत्रं आता जवळजवळ सगळ्या देशावर आखून झाली आहेत, तेव्हा नळाची चर्चा तुमच्या गल्लीतही येईल. त्यावेळी मोरबी आठवा. तिथल्या टाइल्सच्या कारखान्यांना २०१९ला हरित लवादानं कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले. सगळे नळाच्या गॅसवर आले. २०२२ला भाव असा चढला की कित्येकांनी प्रोपेनच्या टाक्या बसवल्या. अशी मोकळीक करारात असावी लागते.

यंत्रमागाच्या धंद्यात सुताचा भाव विचारल्याशिवाय कोणी सौदा करत नाही. गॅसच्या अर्जावर सही करण्याआधी तुमच्या संघटनेनं तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. भाव कशाशी बांधला आहे, देशी गॅसच्या सरकारी दराशी की ब्रेंट तेलाशी की हजर बाजाराशी? किमान उचल किती, आणि कमी उचलली तर दंड किती? दुसरं इंधन वापरायची मुभा आहे का? उत्तर मिळेपर्यंत जुना बॉयलर भंगारात काढू नका.