डब्यावरचे नाव



आज बाजाराविषयी थोडे बोलू. बाजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अडत्याची हिशेबपट्टी येते. पण आज मी तुम्हाला तिकडे नेणार नाही. घरातले फडताळ उघडा. साबणाची वडी, चहाची पुडी, तेलाची पिशवी, दंतमंजनाची डबी. प्रत्येकीवर एक नाव छापलेले आहे. आपल्या आजीच्या फडताळात असे छापील नाव क्वचितच असे. तेल तेल्याकडून येई, गूळ वाण्याकडून. तेल खवट निघाले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर जाऊन चार शब्द सुनावता येत. त्या ओट्याची जागा आता छापील नावाने घेतली आहे. असे नाव कमावतात कसे, आणि त्याचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हे आपल्या खानदेशातल्याच एका कारखान्याच्या हकिगतीवरून पाहता येते.

अमळनेर म्हटले की शिक्षकांना साने गुरुजी आठवतील, तत्त्वज्ञान मंदिर आठवेल. याच गावात महंमद हाशम प्रेमजी यांनी आपला कारखाना घातला. कंपनीची स्थापना २९ डिसेंबर १९४५ ची. नाव लांबलचक, 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'. मुंबईचा व्यापारी बोरीकाठी का आला, असे तुम्ही विचाराल. कारण सोपे आहे. भुईमूग इकडे पिके. आता शेंगेचा हिशेब पाहा. शंभर किलो शेंगांत तीसेक किलो नुसते टरफल. उरलेल्या दाण्यात तेल निम्म्याच्या आतबाहेर. म्हणजे शंभर किलो ओझे वाहून हाती येणार तेतीस-पस्तीस किलो तेल. टरफलाचे भाडे रेल्वेला कशाला द्यायचे? त्यापेक्षा शेंग पिकते तिथेच घाणा बसवावा आणि डबे तेवढे गाडीत चढवावेत. सुरत-भुसावळ लोहमार्ग अमळनेरवरूनच जातो.

कारखान्यात वनस्पती तूप होई. तापलेल्या तेलात निकेलच्या भुकटीच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मुरवला की तेल थिजते आणि तुपासारखे दिसू लागते. दिसते तसे म्हणूनच ते साजुक तुपात मिसळण्याचा मोह व्यापाऱ्यांना होई. यावर सरकारने मोठी नामी युक्ती काढली. प्रत्येक वनस्पतीत थोडे तिळाचे तेल घालण्याची सक्ती केली. तिळाच्या तेलाची खूण रासायनिक परीक्षेत लाल रंगाने चटकन उमटते, आणि तुपातली भेसळ उघडी पडते.

अमळनेरच्या वनस्पतीचे नाव होते 'सनफ्लॉवर'. गंमत अशी की सूर्यफूल हे तेलाचे पीक म्हणून आपल्या देशात आले १९६९ साली! म्हणजे नावातले फूल शेतात यायला अजून वीसेक वर्षे होती. छापील नाव आतला माल काय आहे हे सांगतेच असे नाही, ही गोष्ट ध्यानात असू द्या. समोर स्पर्धक मोठा होता. 'डालडा' १९३७ पासून बाजारात होता आणि त्याचे नाव लोकांच्या जिभेवर असे बसले की डबा कोणाचाही असो, बाई दुकानदाराला 'डालडा द्या' असेच म्हणे. एवढ्या मोठ्या नावासमोर लहान कंपनीने टिकायचे कसे?

पहिली गोष्ट म्हणजे काही वाया जाऊ द्यायचे नाही. तेल शुद्ध करताना जो साका निघतो त्याचा कपडे धुण्याचा साबण केला. त्याचे नाव '७८७'. पेंड तर गुरांसाठी विकली जातेच.

दुसरी गोष्ट १९६६ नंतरची. त्या वर्षी संस्थापक वारले आणि अमेरिकेत शिकणारे त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी परत आले. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने, हे काम तुम्हाला झेपणार नाही, कंपनी जाणत्या माणसाच्या हाती सोपवा, असे भर सभेत सुनावले. त्या वेळी शेंगांची खरेदी नजरेवर चाले. खरेदीदार दाणा चिमटीत चोळी, दाताखाली चावी आणि भाव सांगे. तरुण मालकाने तिथे नमुना काढून तपासण्याची आणि मोजमापाची पद्धत आणली. माझ्या मते या कंपनीचे पुढचे सारे यश त्या एका बदलात दिसते. आपल्या बाजूनेही याकडे पाहा. मोजमाप पारदर्शक असेल तर चांगला माल आणणाऱ्याला चांगला भाव मागता येतो. नजरेचा भाव मात्र नेहमी नजर असणाऱ्याच्या सोयीचा.

पुढे साबण. १९८५ साली 'संतूर' निघाला. त्यात नवे असे काय होते? हळद आणि चंदन! लग्नघरी हळद लागते ती आपल्याला नवी नाही. आपल्या आजीचेच ज्ञान वडीत घालून, वेष्टनात गुंडाळून आपल्यालाच विकले. सुरुवातीला जाहिरात हळद-चंदनाची होती. पुढे ती बदलली आणि पोरीची आई स्वतःच कॉलेजातली मुलगी वाटते, अशी झाली. साबण तोच, पण विकू लागले ते तारुण्य. साबणाने वय कमी होत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. तरी हात त्याच वडीकडे जातो.

आणखी एक चाल सर्वच कंपन्या खेळतात. दहा रुपयांची पुडी दहा रुपयांचीच राहते, आतले ग्रॅम मात्र कमी होत जातात. भाव वाढला तर गिऱ्हाईक ओरडते, वजन घटले तर त्याला कळतही नाही. गुरुजनांना विनंती आहे, मुलांना घरची रिकामी वेष्टने आणायला सांगा. वजन आणि किंमत पाहून किलोचा भाव काढायला लावा. त्रैराशिकाचा याहून चांगला धडा पुस्तकात नसेल.

आता मूळ प्रश्न. ज्यांनी अमळनेरच्या कारखान्याला शेंगा घातल्या, त्यांना त्या दिवसाचा भाव मिळाला आणि व्यवहार संपला. पण त्याच गावात काही कुटुंबांनी कंपनीचे भाग घेतले आणि विकले नाहीत. १९७७ मध्ये कंपनीच्या नावात 'विप्रो' आले, १९८० नंतर ती संगणकांच्या धंद्यात शिरली, आणि त्या भागांची किंमत कुठल्या कुठे गेली. भाग घेतला की सोने होते असे मात्र कोणी समजू नये. त्याच काळातल्या कितीतरी कंपन्यांच्या कागदांची रद्दी झाली. वनस्पतीचेच पाहा ना. डालडा हे नाव २००३ मध्ये मूळ कंपनीने विकून टाकले. पुढे आरोग्याच्या कारणाने त्यातील घातक स्निग्धांशावर बंधने आली आणि २०२२ पासून ती दोन टक्क्यांवर आली.

शेंगेला नाव नव्हते, डब्याला होते. आज आपल्या केळीचे तेच चालले आहे. रावेर-यावलहून उत्तरेला जाणाऱ्या ट्रकवर नाव असते ते ट्रकमालकाचे! २०१६ मध्ये जळगावची केळी आणि भरताची वांगी या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'जळगावची केळी' हे नाव आता कायद्याने आपल्या मुलखाचे आहे. पण ते खोक्यावर अधिकाराने छापायचे तर प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ही नोंदणी करणारे सरकारी कार्यालय चेन्नईला आहे. चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र बसून, गावातल्या शिक्षकाला मदतीला घेऊन अर्ज भरला, तर काम सोपे होईल. सातबारा जवळ ठेवा, आणि अर्जात पिकाखालचे क्षेत्र उताऱ्यावर आहे तेवढेच लिहा.