घरी घडणारा यंत्रमानव

कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला, तो वेठबिगारीचा अर्थ असलेल्या चेक शब्दावरून. त्याच्या नाटकात हे कृत्रिम मजूर कारखान्यात तयार होतात आणि ते घडविण्याची कृती एकाच हस्तलिखितात जपलेली असते. पुढे ते हस्तलिखित जाळले जाते आणि त्याबरोबर ती विद्याही नाहीशी होते. नाटकातील बंडाची आठवण सगळे काढतात; पण या जळालेल्या कागदांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

गाएल लांजव्हँ हा पॅरिसचा शिल्पकार. जाहिरातीच्या एका कामातून त्याला कृत्रिम हाताची कल्पना सुचली. २०१२ साली त्याने तो हात घरच्या त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर घडविला आणि त्याचे आराखडे इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. हातामागून दंड, खांदे, मस्तक व धड आले आणि ‘इनमूव्ह’ नावाचा पुरुषभर मापाचा यंत्रमानव कमरेपर्यंत उभा राहिला. प्रत्येक भाग १२ सेंटिमीटर लांब, रुंद व उंच एवढ्या जागेत छापता यावा, हा दंडक त्याने पाळला. कारण हौशी माणसाचे यंत्र लहानच असावयाचे.

ज्या श्रोत्यांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल, त्यांना या हाताची रचना सहज उमगेल. प्रत्येक बोटाच्या पेरांतून दोन दोऱ्या ओवलेल्या असतात. दोऱ्या म्हणजे मासे धरण्याच्या गळाचीच दोरी! एक ओढली की बोट मिटते, दुसरी ओढली की उघडते. सूत्रधाराच्या जागी कोपराखालच्या भागात पाच लहान मोटारी बसविलेल्या असतात. त्यांना हुकूम सोडते आर्डुइनो नावाची छोटी विद्युत्पाटी, आणि त्या पाटीला शिकविते ‘मायरोबोटलॅब’ ही मुक्तस्रोत आज्ञावली. मुक्तस्रोत म्हणजे जिचे अंतरंग कोणीही उघडून वाचावे, दुरुस्त करावे व दुसऱ्यास द्यावे अशी.

हे काम चुटकीसरशी होणारे मात्र नव्हे. शेकडो भाग छापावे, घासावे, जोडावे लागतात. दोरी सैल पडली की बोट लुळे पडते, फार ताणली की मोटार तापते. इतके करून हाती येतो तो पेला उचलताना चाचपडणारा, चालता न येणारा गडी! घरकामाच्या आशेने कोणी तो घडवू लागला, तर त्याची निराशा ठरलेलीच. आपण पेला सहज उचलतो त्यात केवढे कौशल्य आहे, हे मात्र असा हात जोडताना जितके कळते तितके पुस्तकातून कळणे कठीण.

आराखड्यांना एक अट आहे: मूळ कर्त्याचे नाव सांगावे आणि त्यावर व्यापार करू नये. ही अट काहींना जाचक वाटते. पण ज्याने सर्वस्व वाटून टाकले, त्याने एवढे मागणे गैर म्हणता येणार नाही.

फ्रान्समधीलच रेन शहरी निकोला ह्यूशे याने २००२ साली कामावरील अपघातात आपला हात गमावला होता. बोटे स्वतंत्रपणे हलविणारा तयार कृत्रिम हात त्याच्या ऐपतीबाहेरचा होता. २०१२ साली तो शहरातील एका खुल्या कार्यशाळेत गेला. तेथील मंडळींनी लांजव्हँच्या आराखड्यांवरून बोटे छापली, दोऱ्या ओवल्या, आणि हाताच्या स्नायूंच्या सूक्ष्म विद्युत्संकेतांवर ती हलविण्याच्या खटपटीला ह्यूशे त्यांच्यासह लागला.