एका नोंदीच्या अनेक प्रती



माझे आयुष्य पोथ्या आणि पाठभेद यांत गेले. संगणक हा माझा प्रांत नव्हे. तरीही तेथील 'प्रतिकरणा'चा प्रश्न कळला तेव्हा जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले.

शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. प्रती होत गेल्या म्हणून ती टिकली, आणि प्रती होत गेल्या म्हणूनच तिच्यात पाठभेद शिरले. शके 1506 मध्ये एकनाथांनी तिचे शुद्धीकरण केले. संगणकातील माहितीचेही असेच. एक यंत्र बिघडले म्हणून सर्वस्व जाऊ नये, यासाठी तीच नोंद दूरदूरच्या यंत्रांवर ठेवतात. बहुधा त्यांत एक प्रमुख असतो. नवे लेखन त्याच्याकडे होते व इतर त्याचे अनुकरण करतात. त्याने अनुयायांची पोच येईपर्यंत थांबावे, तर विलंब. न थांबावे, तर तो कोसळताच शेवटच्या नोंदी गमावण्याचे भय.

21 ऑक्टोबर 2018 रोजी 'गिटहब' या संस्थेत हेच घडले. जगभरचे संगणकतज्ज्ञ आपले काम तेथे ठेवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील तिच्या केंद्राचा संपर्क दुरुस्तीच्या कामात अवघे 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित व्यवस्थेने प्रमुखपद पश्चिम किनाऱ्याकडे सोपविले. परंतु पूर्वेकडील काही लेखन पश्चिमेस पोहोचलेच नव्हते, आणि पश्चिमेकडे नवे लेखन सुरू झाले होते. एकाच वहीच्या दोन शाखा! सर्वांत वर्दळीच्या एका समूहातच अशा अडकलेल्या नोंदी 954 होत्या.

संपर्क तुटला असता एकवाक्यता राखावी की उत्तर देत राहावे, यांपैकी एकच साधते, असे एरिक ब्रूअर यांनी 2000 साली मांडले होते. 2002 मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी ते सिद्ध केले. चालकांनी माहितीची शुद्धता निवडली. सेवा पूर्ववत होण्यास 24 तास 11 मिनिटे लागली. लोक खोळंबले, रागावलेही असतील. पण मला तो निर्णय योग्य वाटतो. ओवीचे दोन पाठ मी आनंदाने जपेन. खात्यातील शिलकीचे दोन पाठ कोण सोसणार?

त्या अडकलेल्या नोंदींपैकी कोणत्या यंत्राने जुळवाव्यात आणि कोणत्यांसाठी खुद्द लिहिणाऱ्यास विचारावे, याची छाननी पुढे झाली. हे वाचून मला किंचित हेवा वाटला. आमच्या लेखनिकांना विचारण्याची सोय आम्हांस कधीच नव्हती.